एका कामाला एक फांदी



मागच्या महिन्यात पारोळ्याकडच्या एका मावशींचा आपल्या कार्यक्रमाला फोन आला. त्यांची लेक धुळ्याला कॉम्प्युटर शिकते. सुट्टीत घरी आली की ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसते. मावशींनी एकदा विचारलं, "काय करी ऱ्हायनी व पोरी?" पोरगी म्हणाली, "ब्रांच काढतेय." मावशींना वाटलं, ही आता बँक काढते की काय! पोरगी हसली, काहीतरी 'पुल रिक्वेस्ट' म्हणाली आणि पुन्हा मान खाली घालून बसली. मावशी आम्हाला म्हणाल्या, "बाई, फी आम्ही भरतो, पण ती काय करते हे आम्हाला सांगता येत नाही. विचारायचीही लाज वाटते. तुम्ही विचारा आणि रेडिओवर सांगा."

आम्ही तिला बोलावून घेतलं. दोन दुपारी ती आमच्याबरोबर बसली. तिने सांगितलेलं आधी आमच्या डोक्यावरून गेलं, खोटं कशाला बोला. पण मग आमच्याच गटातली एक जुनी जखम निघाली आणि तिथून सगळं उलगडलं. म्हणून आधी ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी, मे महिना सरत आला होता. आमच्या गटाला दोन नियम बदलायचे होते. पहिला, अडीअडचणीच्या कर्जाची मर्यादा ५ हजारांवरून १० हजार करायची. याला सगळ्या राजी होत्या, पेरणी तोंडावर होती. दुसरा, बैठकीला न येणारीचा दंड १० रुपयांवरून ५० करायचा. यावर मात्र जोरात वाजलं. केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आमच्या चौघी जणी म्हणाल्या, की आमची अर्धी मजुरी बुडवून आम्ही बैठकीला यायचं आणि नाही आलो तर वरून दंडही भरायचा? त्यांचं चुकत नव्हतं. जास्त दंड मागणाऱ्यांचंही पूर्ण चुकत नव्हतं, कारण हजेरी खरोखरच घसरली होती.

हे दोन्ही बदल आम्ही ठराव वहीत एकाच ठरावात लिहिले होते. एकाच कागदावर काम भागतं म्हणून. आता सही करायची तर दोन्हीवर, नाही तर एकावरही नाही. दोन बैठका भांडणात गेल्या. तोपर्यंत मृग लागला. आमच्यातल्या एकीला बियाण्याला आणि खताला ८ हजार हवे होते. गटातून ५ हजारांच्या वर देता येईना. तिने बाहेरून सगळे ८ हजार शेकडा पाचने उचलले. कापूस विकून नोव्हेंबरात फेडले तेव्हा सहा महिन्यांचं व्याज झालं होतं २४०० रुपये. गटाच्या शेकडा दोनने तेच ९६० झालं असतं. जास्तीचे १४४० रुपये गेले ते ज्या गोष्टीवर कुणाचंच दुमत नव्हतं तिच्यापायी. आजही ती बाई आमच्या शेजारी बसते आणि आम्ही तो विषय टाळतो.

हे ऐकून पोरगी म्हणाली, "मावशी, मी हुबेहूब हीच चूक केली होती. फक्त माझी ठराव वही कॉम्प्युटरात होती."

आता ती वही काय असते ते बघू. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूरच असतो. हजारो ओळींचा. हे दिसल्यावर हे कर, ते दाबल्यावर ते दाखव, अशा ओळी. अनेक जण मिळून तो लिहितात, आणि रोज कुणी ना कुणी त्यात बदल करतं. कुणी काय बदललं, कधी बदललं, का बदललं आणि बदल फसला तर मागचं परत कसं आणायचं, याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. त्यातली सगळ्यात चालणारी व्यवस्था म्हणजे गिट.

गिटची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. लिनस टोरवाल्ड्स नावाचा फिनलंडमध्ये जन्मलेला प्रोग्रॅमर. लिनक्स नावाचा, सगळ्यांना खुला असलेला प्रोग्रॅम त्याने सुरू केला. तुमच्या-आमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच लिनक्स असतो. त्याची नोंद ठेवायला ही मंडळी एका कंपनीची व्यवस्था वापरत होती. २००५ साली त्या कंपनीने फुकट वापराची परवानगी काढून घेतली. जगभरातले लोक एका कामावर आणि वही गेली काढून! तेव्हा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये टोरवाल्ड्सने स्वतःच नवी वही लिहायला घेतली आणि थोड्याच आठवड्यांत लिनक्सचं काम तिच्यात चालू झालं. तिचं नाव गिट. इंग्रजीत हा शब्द कुणाला हिणवायला वापरतात, आणि नाव आपण स्वतःवरूनच ठेवलं, असं तो गमतीने म्हणत असे.

या वहीत प्रत्येक बदलाच्या नोंदीला 'कमिट' म्हणतात. प्रत्येक कमिटवर करणाऱ्याचं नाव, तारीख आणि एक ४० अक्षरांचा ठसा असतो. आपण अंगठा लावतो ना, तसा, पण तो माणसाचा नव्हे, त्या नोंदीचा. मजकुरातलं एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी ठसा वेगळा येतो. आणि कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारता येतं, की ही ओळ कुणी लिहिली? उत्तरात नाव येतं. आम्हाला हे फार आवडलं. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक होऊ शकलं. पण जात्यावर ओव्या गाणाऱ्या बाकीच्या शेकडो बाया? कुठली ओळ कुणाची, कुणाला ठाऊक! या पोरींच्या ओळींवर त्यांचं नाव राहतं.

आता फांदी. सगळ्यांनी मान्य केलेला जो मजकूर आहे, त्याला 'मेन' म्हणतात. झाडाचं खोड समजा. त्यातून आपल्याला काही बदल करून बघायचा असेल तर खोडाला हात न लावता तिथून एक फांदी काढायची, तिला म्हणायचं ब्रांच. बदल फांदीवर करायचा. खोड जसंच्या तसं राहतं. (जळगावच्या बायकांना केळीचं झाड डोळ्यांपुढे आणायची सवय, आणि केळीला फांद्या नसतात. तेव्हा कडुलिंब आणा.)

इथे पोरीने एक गोष्ट सांगितली ती आमच्या मनातली शंका फेडणारी होती. आम्हाला वाटलं, दर कामाला फांदी म्हणजे सगळ्या मजकुराची दरवेळी झेरॉक्स काढायची. केवढी जागा जाईल! तर तसं नाही. गिटमध्ये फांदी म्हणजे नुसती एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एका कमिटचा तो ४० अक्षरांचा ठसा लिहिलेला, बस. पूर्वीच्या काही व्यवस्थांमध्ये फांदी काढणं सोपं, पण परत खोडाला जोडणं जिकिरीचं असायचं, म्हणून लोक टाळायचे. गिटमध्ये फांदी काढायला क्षणभर लागतो आणि काम झालं की टाकून देता येते. म्हणजे कंजूषी करायचं कारणच नाही. आम्ही मात्र एक कागद वाचवायला गेलो होतो.

आता पुल रिक्वेस्ट. जो प्रोग्रॅम आपल्या मालकीचा नाही, पण खुला आहे, त्यात आपल्याला थेट लिहिता येत नाही. आपण त्याची स्वतःच्या नावावर एक प्रत घेतो, तिला फोर्क म्हणतात. आपल्या प्रतीत बदल करतो आणि मूळ मालकांना विनंती करतो, की माझ्या या फांदीवर एक दुरुस्ती आहे, बघा, पटली तर तुमच्या खोडात ओढून घ्या. ओढणं म्हणजे पुल, विनंती म्हणजे रिक्वेस्ट. ढकलणारे आपण नाही, ओढणारे ते. लेकीकडे डबा पाठवायचा आणि सासूबाईंनी उघडून बघून मग ताटात वाढायचा, तसं. लिनक्सवाले या विनंत्या ईमेलने पाठवत. २००८ साली गिटहब नावाचं ठिकाण सुरू झालं आणि तिथे बटण दाबून विनंती करता येऊ लागली. मग हे काम घराघरांत गेलं.

विनंती गेली की मालक मंडळी ती ओळ न ओळ वाचतात, प्रश्न विचारतात, हे बदला ते बदला म्हणतात. पटलं तर मिसळून घेतात, त्याला मर्ज म्हणतात. यातले पुष्कळ लोक हे काम नोकरी सांभाळून, फुकट, रात्री जागून करतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पोरीची चूक. हिशोब ठेवायचा एक खुला प्रोग्रॅम आहे, त्याचं मराठी कुणीतरी घाईत केलेलं. इंग्रजीतलं 'सेव्ह' बटण मराठीत 'बचत करा' झालं होतं! आपल्या गटातली बाई ते बटण दाबेल तर तिला वाटेल पैसे खात्यात गेले. पोरीने ते 'जतन करा' केलं, असे आणखी अकरा शब्द नीट केले आणि पुल रिक्वेस्ट पाठवली. पण फांदी न काढता. आपल्या प्रतीतल्या मेनवरच बदल केले आणि तिथूनच विनंती धाडली. पहिलीच वेळ होती, तिला वाटलं, एवढ्याशा कामाला कशाला फांदी?

उत्तराची वाट बघताना ती रिकामी बसली नाही. तिला दिसलं, की तारीख अमेरिकन पद्धतीने येते, महिना आधी आणि दिवस नंतर. आपल्याकडे ५ जूनची नोंद ६ मे वाटेल. तिने तेही नीट करायला घेतलं, त्याच मेनवर. अर्धवट काम वर चढवलं, संध्याकाळी लाइट जाते म्हणून. दुसऱ्या दिवशी बघते तर तिची शब्दांची विनंती तारखेच्या अर्धवट कामासकट मालकांसमोर उभी!

असं का झालं? हीच आजच्या कार्यक्रमातली गाठ आहे, तेव्हा नीट ऐका. पुल रिक्वेस्ट म्हणजे त्या दिवशीच्या मजकुराचा फोटो नव्हे. ती फांदीला बांधलेली असते. विनंती उघडी आहे तोवर त्या फांदीवर तुम्ही जे जे चढवाल ते आपोआप त्या विनंतीत जातं. यात मुद्दाम सोय आहे: मालकांनी "हा शब्द बदला" म्हटलं तर त्याच फांदीवर बदलून चढवायचं, नवी विनंती नको. पण फांदी एकच आणि कामं दोन असली की ही सोयच गळ्यात येते. पाकिटाला डिंक न लावता पोस्टात टाकलं आणि नंतर त्यात घरचा किराण्याचा कागद सरकवला, असं झालं.

मालकांनी तिला सभ्यपणे लिहिलं: शब्द चांगले आहेत, लगेच घेतले असते. तारखेचा बदल मात्र इतर देशांतल्या वापरणाऱ्यांनाही लागू होतो, त्यावर चर्चा करावी लागेल. दोन्ही वेगळं करून द्याल का? तिला वेगळं करता येईना. लाज वाटून तिने तीन आठवडे उत्तरच दिलं नाही. त्या तीन आठवड्यांत 'बचत करा' हे बटण जसंच्या तसं राहिलं. आमचा ठराव आणि तिची विनंती, बघा, सख्ख्या बहिणी.

आणखी एक अडचण मेनवर काम केल्याने येते, आणि ती उशिरा कळते. आपल्या प्रतीतलं मेन हे मूळ मालकांच्या मेनचा आरसा असायला हवं. रोज सकाळी तिकडे जे नवं झालं ते इकडे ओढून घ्यायचं, म्हणजे आपण ताज्या मजकुरावर काम करतो. तुम्ही आपल्याच आरशावर लिहून ठेवलं की आरसा बिघडला. तुमची विनंती नाकारली तर तुमच्या मेनवर तो नाकारलेला मजकूर राहून जातो आणि पुढच्या प्रत्येक विनंतीत घुसतो. बरं, मान्य झाली तरी सुटका नाही. पुष्कळ ठिकाणी मालक तुमच्या चार-पाच नोंदी एकत्र दाबून एकच नोंद करून घेतात. मजकूर तोच, पण नोंद नवी, म्हणून ठसा नवा. आता तिकडे एक ठसा, तुमच्याकडे जुने पाच. गिटला वाटतं हे वेगळंच काही आहे, आणि तेच काम पुन्हा पुढच्या विनंतीत दाखवू लागतं. शिकाऊ पोरी इथे रडकुंडीला येतात आणि आपल्याला गिट येत नाही असं समजतात. येत असतं, फांदी काढलेली नसते एवढंच.

करायचं कसं ते सांगतो. पोरीने आम्हाला तोंडपाठ करून घेतलं, आमच्यातल्या सातवी शिकलेल्या ताईंनाही. वही-पेन घ्या, घरात शिकणारी पोरगी असेल तर तिला हाक मारा.

आधी खोडावर यायचं: गिट स्विच मेन. मग मूळ मालकांकडचं ताजं ओढायचं: गिट पुल अपस्ट्रीम मेन. अपस्ट्रीम म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी येतं ते. नुसतं 'गिट पुल' म्हटलं तर बहुतेक वेळा ते आपल्याच प्रतीतलं ओढतं, ते शिळं असू शकतं. इथे बऱ्याच जणी फसतात. आपल्या गिटला अपस्ट्रीम म्हणजे कोण हे एकदाच सांगून ठेवावं लागतं. मग फांदी: गिट स्विच, डॅश सी, आणि फांदीचं नाव. जुन्या पुस्तकांत 'गिट चेकआउट डॅश बी' दिसेल, तेही चालतं; स्विच हा शब्द २०१९ पासून आला. नाव असं ठेवायचं की वाचून काम कळावं. 'मराठी-शब्द-दुरुस्ती' चांगलं. 'नवीन', 'नवीन२', 'फायनल', 'खरंफायनल' ही नावं चार दिवसांनी तुमची तुम्हालाच कळणार नाहीत. डब्यांना आपण हळद-तिखट लिहितो, 'डबा एक' लिहीत नाही.

मग काम करायचं, कमिट करायचं, ती फांदी आपल्या प्रतीत चढवायची आणि तिच्यावरून विनंती पाठवायची. दुसरं काम सुचलं? परत खोडावर यायचं, ताजं ओढायचं, दुसरी फांदी. पहिलीचं उत्तर येवो न येवो, दुसरीचं काही अडत नाही. विनंती मान्य झाली की ती फांदी काढून टाकायची.

एक अपवाद आहे. दुसरं काम पहिल्यावरच उभं असेल, म्हणजे पहिल्याशिवाय ते चालणारच नसेल, तर दुसरी फांदी खोडातून न काढता पहिल्या फांदीतून काढावी लागते. तसं असेल तर विनंतीत स्पष्ट लिहावं, की आधी ती घ्या, मग ही. पण आमचं मत विचाराल तर नवशिक्या पोरीने पहिलं मान्य होईपर्यंत थांबावं. आणि स्वतःचं एकटीचं, कुणाला न दाखवायचं काम असेल तर मेनवरच केलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. घरात एकटीने चहा करायचा तर ठराव कशाला?

पोरीने पुढे आपला गुंता सोडवला कसा? धुळ्यातल्या तिच्या वरच्या वर्गातल्या एका मुलीने मदत केली. आधी जे होतं नव्हतं ते सगळं एका फांदीत ठेवून दिलं, हरवू नये म्हणून. हे पहिलं करायचं. मग मूळ मालकांच्या ताज्या मेनवरून दोन नव्या फांद्या काढल्या आणि जुन्या नोंदींमधून शब्दांच्या नोंदी उचलून एकीवर, तारखेच्या उचलून दुसरीवर ठेवल्या. याला 'चेरी-पिक' म्हणतात. चेरी आपल्याकडे कुठे, आपण बोरं वेचतो म्हणू: पिकलेली या ओट्यात, कच्ची त्या ओट्यात. तिने प्रत्येक कामाच्या नोंदी निदान वेगवेगळ्या केल्या होत्या म्हणून हे जमलं. एकाच नोंदीत दोन्ही कालवली असती तर फार वेळ गेला असता. नंतर जुनी विनंती बंद केली, तिथे दोन ओळी लिहून दिलगिरी कळवली आणि बिघडलेलं मेन पुसून मालकांसारखं करून घेतलं. पुसण्याची ही आज्ञा धारदार आहे, कमिट केलेलं नसेल ते काम त्यात जातं, म्हणून पहिल्यांदा कुणा जाणतीला शेजारी बसवूनच करा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काटेकोर कशाला? एकदा काय झालं ऐका. दरवर्षी ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम असतो. महिन्याभरात चार पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, असं २०२० साली होतं. मग लोकांनी काय केलं? कुणाच्याही खुल्या प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकात 'छान काम' असे दोन शब्द घालायचे आणि विनंती पाठवायची. हजारांनी असल्या विनंत्या आल्या. त्यात आपल्या देशातली मुलंही पुष्कळ होती, एका शिकवणीच्या व्हिडिओतून बघून तसंच्या तसं करणारी. फुकट काम करणारे मालक वैतागले. शेवटी चालवणाऱ्यांना नियम बदलावा लागला, की ज्यांना हवं त्यांनीच यात भाग घ्यायचा. त्यानंतर भारतीय नावाची विनंती आली की काही जण आधीच कपाळाला आठी घालतात, असं पोरीचं म्हणणं. आम्हाला ते ऐकून राग आला. पण ज्यांनी वाचायचं त्यांच्या जागी बसून बघितलं तर एक विषय, थोड्या ओळी, स्पष्ट नाव अशी विनंती दहा मिनिटांत वाचून होते. चार विषय कालवलेली विनंती रविवारवर ढकलली जाते, आणि तो रविवार येत नाही.

आणि मराठीचं काम खूप पडलंय, मैत्रिणींनो. एकच उदाहरण देतो. मराठीतला ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला दांडीचा. श आपला शेंडीफोड्या, हिंदीचा गाठीचा. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही आपलेच ल आणि श लिहायला सांगितले. पण कॉम्प्युटरला दोन्हीकडचा ल एकच अक्षर. तो दिसतो कसा हे ठरवतो फाँट, म्हणजे अक्षरांचा साचा. म्हणून फोनवर, सरकारी पत्रकावर कधी कधी मराठी मजकुरात हिंदीचा ल दिसतो आणि पहिलीतलं पोर विचारतं, आई, हा कोणता? काही फाँट खुले असतात. रेड हॅट कंपनीने दिलेला 'लोहित' त्यातलाच, लोहित म्हणजे तांबडा. २०११ पासून तो खुल्या फाँट-परवान्याखाली आहे, म्हणजे कुणीही तपासावा, सुधारावा. खुल्या फाँटात मजकूर मराठी असेल तर पाकळीचा ल दाखव, अशी सूचना घालता येते. आता समजा आपल्या पोरीने ही सूचना नीट केली आणि त्याच विनंतीत अक्षरांमधलं अंतरही बदललं. ल फक्त मराठीचा, पण अंतर हिंदीला, नेपाळीलाही लागू. ते लोक विरोध करणार, त्यांचा हक्कच आहे. आणि आपला ल अडकणार. दोन फांद्या असत्या तर ल निघून आला असता आणि अंतरावर निवांत बोलता आलं असतं.

आमच्या गटात आम्ही आता ठराव वहीचं एक पान, एकच विषय असं करतो. दंडाचा ठराव अजून पडून आहे. मजुरीला जाणाऱ्यांसाठी बैठक रात्री आठला घ्यावी असा नवा विचार निघाला, तो तिसऱ्या पानावर लिहिलाय. कर्जाच्या मर्यादेचं पान त्याच पावसाळ्यात सह्या होऊन पुरं झालं, उशीर झाला तो झालाच.

पोरीच्या शब्दांची विनंती दुसऱ्या खेपेला चार दिवसांत मान्य झाली. त्या प्रोग्रॅममध्ये आता 'जतन करा' आहे आणि त्या ओळीवर तिचं नाव. मावशींनी ते फोनवर बघितलं, इंग्रजी अक्षरांत होतं तरी ओळखलं. तारखेची फांदी अजून उघडी आहे. कुणीतरी परवा लिहिलंय, की ज्याच्या त्याच्या देशाप्रमाणे तारीख दाखवावी, सगळ्यांसाठी बदलू नये. पोरीला ते पटलंय. लाइट आली की आज रात्री ती त्याच फांदीवर ते करायला बसणार आहे.